साडेसातचा सामना आणि शेवटची उरण लोकल

फुटबॉल लीगचं वेळापत्रक हाती आलं की बाकीचे मुंबई सिटीवाले आधी मोहन बागान कधी, गोवा कधी ते बघतात. मी आधी घड्याळ बघतो, मग पंचांग. अंधेरीचा सामना साडेसातचा असला तर उरणच्या मोऱ्याहून चारच्या सुमारास लाँच धरावी लागते. त्या दिवशी अमावास्या नाहीतर पौर्णिमा असली की नेमकी सहाला सुकती. मोऱ्याला गाळ इतका, की मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही. भरतीचं गणित इथल्या जुन्या माणसांना तोंडपाठ आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकरा, म्हणजे जवळपास बारा. फुटबॉलच्या वेळापत्रकाला हे गणित लावणारा मी बहुधा एकटाच.

यंदा ते जरा जपूनच करायला हवं, कारण मोसम आखूड आहे. मुळात तो होतोय हेच नवल. भारतीय फुटबॉल महासंघाचा व्यापारी करार डिसेंबरात संपला, नव्या निविदेला एकही बोली आली नाही, आणि सप्टेंबरात सुरू होणारी लीग आता १४ फेब्रुवारीला सुरू होतेय. १४ संघ, एकमेकांशी एकदाच गाठ, एकूण ९१ सामने. आपल्या वाट्याला १३. गेल्या मोसमात साखळीचेच २४ होते. २४ सामन्यांत चार बरोबऱ्या पचतात. तेरात पचत नाहीत. त्यामुळे पहिल्या तीन सामन्यांत सात गुण झाले नाहीत तर मी साखळी विजेत्याच्या ढालीचं नाव काढणार नाही, असं आत्ताच लिहून ठेवतो.

त्यात आपल्या क्लबचा मालक सिटी फुटबॉल ग्रुप डिसेंबरात बाहेर पडला. २०१९ मध्ये ६५ टक्के हिस्सा घेऊन आला होता. त्याच्या काळात दोन वेळा ढाल आली, दोन वेळा चषक आला, २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लबही आपलाच ठरला. आणि बिपिन सिंग. मार्च २०२१ च्या अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला त्याने मोहन बागानवर गोल केला, तेव्हा आमच्या चाळीत रात्री कोणीतरी शिमगा आला समजून दार उघडलं होतं. तो बिपिन आता ईस्ट बंगालच्या जर्सीत आहे. त्यांच्याशी सामना होईल तेव्हा त्याने गोल केला तर टाळी वाजवायची की नाही, हे अजून ठरत नाही. (वाजवीन. आपण आघाडीवर असलो तर.)

सामन्याला जायची गोष्ट एकवेळ जमते. भाऊच्या धक्क्यावर उतरलं की डॉकयार्ड रोडहून हार्बरची गोरेगाव गाडी सरळ अंधेरीला सोडते, पुढे मेट्रोचं एक स्टेशन. परतीला लाँच नसते. १२ जानेवारी २०२४ ला उरणपर्यंत रेल्वे आली, त्याच दिवशी अटल सेतूही खुला झाला. सेतू उतरतो आमच्याच तालुक्यात, चिरल्याला. पण त्यावर मोटरसायकलला बंदी, आणि उरणच्या पोराकडे असते ती मोटरसायकलच. राहिली लोकल. साडेसातचा सामना संपतो साडेनऊला. अंधेरीहून नेरुळ गाठेपर्यंत पावणेअकरा, आणि तिथून उरणच्या गाड्या तासाभराने एक. शेवटची हमखास हवी तर उत्तरार्ध अर्ध्यावर सोडून उठायचं. गेल्या मोसमात एकदा असा उठलो. जिन्यात होतो तेव्हा मागे आरडाओरडा झाला. गोल आपला की त्यांचा, हे मेट्रोत बसल्यावर मोबाइलवर कळलं.

म्हणून यंदा सुनील छेत्रीचं बेंगळुरू कधी येतंय यापेक्षा पाच वाजताचे सामने किती, हे मी मोजणार आहे. बेंगळुरूचं देणं राहिलंय, गेल्या मार्चमध्ये त्यांनी पाच-शून्यने आपला मोसम संपवला. पण पाचचा सामना म्हणजे सातला मोकळं, नऊच्या आत नेरुळ, जेवायला घरी. शिवाय अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बारा-एकला भरती असते, म्हणजे जाताना लाँचही मिळते. एवढं जुळून येतं तर शनिवार-रविवारचे घरचे सामने पाचला लावायला हरकत काय? फुटबॉल बघायची हौस इथेही आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सौदीचा अल हिलाल नेरुळच्या डी. वाय. पाटीलवर आला होता. त्यांचा नेमार दुखापतीमुळे आला नाही, आपण दोन-शून्यने हरलो, तरी आमच्या नाक्यावरची अकरा पोरं मोटरसायकली काढून गेली होती. त्यातली नऊ अंधेरीला कधीच गेलेली नाहीत. इथे फेब्रुवारीत गावोगाव टेनिस बॉलच्या क्रिकेटचे सामने चालू असतात, त्यातून त्यांना ओढून काढायचं तर रात्री बाराला घरी पोचवून चालत नाही.

लीगचा दुसरा दिवस, १५ तारीख, महाशिवरात्र. त्या दिवशी मोऱ्याच्या लाँचा घारापुरीच्या जत्रेला लागलेल्या असतील, तेव्हा अंधेरीचं नाव काढू नका. त्यानंतर पाचचा जो पहिला घरचा सामना असेल, त्या दिवशी दुपारी मोऱ्याच्या धक्क्यावर या. निळा शर्ट नसला तरी चालेल. तिथीचा हिशोब मी करून ठेवतो.

— मोरेकर