जालक मांडणे ही कारकुनी नव्हे

राष्ट्रीय क्वांटम मोहिमेची बातमी आली की आपण आकडे मोजू लागतो. १९ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेले ६,००३.६५ कोटी रुपये, आठ वर्षांत ५० ते १,००० क्युबिटांच्या संगणकांचे उद्दिष्ट, बंगळुरू, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली येथील चार केंद्रे. हे आकडे महत्त्वाचे आहेतच. परंतु ज्या विद्यार्थ्यांच्या बळावर ही मोहीम उभी राहायची आहे, त्यांना आपण नेमके काय शिकवतो, हा प्रश्न या बातम्यांत क्वचितच येतो. त्या शिक्षणातील एका उणिवेविषयी येथे स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते.

अतिसूक्ष्म उपकरणातून विद्युत्प्रवाह कसा वाहतो याचे गणित करणारी उत्तम सॉफ्टवेअरे आज विनामूल्य उपलब्ध आहेत. ‘क्वांट’ हे त्यांपैकी अग्रगण्य. ग्रेनोबल आणि नेदरलँड्समधील भौतिकशास्त्रज्ञांनी ते घडवले आणि २०१४ साली ‘न्यू जर्नल ऑफ फिजिक्स’मधील शोधनिबंधाद्वारे जगापुढे ठेवले. त्याच्या साहाय्याने विद्यार्थी उपकरणाचे जालक मांडतो: बिंदूंची एक जाळी, प्रत्येक बिंदूवरील स्थानिक ऊर्जा, आणि शेजारच्या बिंदूवर इलेक्ट्रॉन किती सहजपणे उडी घेतो याचे माप, म्हणजे हॉपिंग. मग या जाळीला दोन्ही बाजूंनी अनंत लांबीच्या तारा, म्हणजे लीड, जोडायच्या. पुढील समीकरणे संगणक सोडवतो आणि संवाहकतेचा आलेख हाती देतो.

येथेच एक घातक समजूत रुजते. आलेख म्हणजे भौतिकशास्त्र आणि जालक म्हणजे त्याआधी भरावयाचा अर्ज, अशी ती समजूत. मग एखाद्या ज्येष्ठ विद्यार्थ्याची जुनी फाइल घ्यायची, लांबी-रुंदी बदलायची, आलेख काढायचा आणि प्रकरण लिहून टाकायचे. मौखिक परीक्षेत आलेखाच्या शिखरावर प्रश्न विचारले जातात. जाळीतील अंतर एवढेच का घेतले, हे मात्र कोणी विचारत नाही. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. भौतिकशास्त्राचे सर्व निर्णय जालक मांडतानाच घेतले जातात, आणि तेथे चुकलेला निर्णय कोणताही महासंगणक दुरुस्त करू शकत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. गॅलियम आर्सेनाइडमध्ये इलेक्ट्रॉनचे परिणामी वस्तुमान मुक्त इलेक्ट्रॉनच्या ०.०६७ पट असते. सलग माध्यमाची जाळी करताना हॉपिंगचे मूल्य या वस्तुमानावर आणि जाळीतील अंतराच्या वर्गावर व्यस्त प्रमाणात अवलंबून असते. अंतर २ नॅनोमीटर घेतले तर हॉपिंग सुमारे १४२ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट येते. १० नॅनोमीटर घेतले तर ५.७, २० घेतले तर अवघे १.४. आता १० मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन विचारात घ्या. त्याची तरंगलांबी सुमारे ४७ नॅनोमीटर. २ नॅनोमीटरच्या जाळीत या तरंगाच्या ऊर्जेतील चूक एक टक्क्याहूनही कमी राहते. १० नॅनोमीटरच्या जाळीत त्याच तरंगाची ऊर्जा १० ऐवजी सुमारे ८.६ भरते. आणि २० नॅनोमीटरच्या एकमितीय साखळीत ऊर्जापट्टा हॉपिंगच्या चौपटीवर, म्हणजे ५.७ वर, संपून जातो. आपला इलेक्ट्रॉन त्या पट्ट्याच्या बाहेरच पडतो. सॉफ्टवेअर निमूटपणे शून्य संवाहकता सांगते आणि विद्यार्थी लिहितो की तार विद्युत्‌रोधक आहे. तार रोधक नाही. रोधक आहे ती त्याने विचार न करता निवडलेली जाळी. संगणकाने कोणतीही तक्रार केली नाही, कारण त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याने अचूकच दिले.

ग्राफीनचे उदाहरण याहूनही बोलके आहे. येथे जाळी निसर्गानेच दिलेली आहे: कार्बन-कार्बन अंतर ०.१४२ नॅनोमीटर, हॉपिंग सुमारे २.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट. मग निर्णय उरतो कोठे? कडेला. ग्राफीनची पट्टी ‘आर्मचेअर’ कडेने कापली आणि केवळ लगतच्या अणूंमधील उड्या धरल्या, तर रुंदीतील अणुरेषांच्या संख्येला ३ ने भागून बाकी २ उरल्यास पट्टी धातूसारखी वागते, एरवी अर्धसंवाहकासारखी. एक रेषा अधिक-उणी झाली की पदार्थाची जातच बदलते. इतकेच नव्हे, तर २००६ साली सन, कोहेन आणि लुई यांनी मूलभूत गणनेतून दाखवले की कडेचे बंध किंचित आखूड होतात आणि त्यामुळे या ‘धातू’ पट्ट्यांतही ऊर्जाफट उघडते. कडेवरच्या हॉपिंगमधील सुमारे १२ टक्क्यांची वाढ तेवढ्यासाठी पुरते. जुन्या फाइलमध्ये ती वाढ नसेल, तर विद्यार्थी निसर्गात नसलेल्या धातूचा अभ्यास करीत बसेल.

आणि याची किंमत केवळ एखाद्या प्रबंधापुरती नसते. मेजोराना अवस्थांचा शोध आठवा. अर्धसंवाहक तार आणि अतिसंवाहक यांच्या स्वच्छ, निर्दोष जालकात शून्य व्होल्टेजला ठरावीक उंचीचे शिखर मिळते. परंतु २०१७ साली शंकर दास सर्मा आणि सहकाऱ्यांनी दाखवले की तारेच्या टोकाशी एखादा क्वांटम बिंदू किंवा सावकाश बदलणारे विभव मांडले, तर मेजोराना नसतानाही जवळजवळ तसेच शिखर उभे राहते. पुढे २०१८ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेला, असेच शिखर मोजल्याचा दावा करणारा प्रायोगिक निबंध २०२१ साली मागे घेण्यात आला. तो मागे घेण्याचे कारण प्रायोगिक माहितीच्या हाताळणीतील होते, जालकातील नव्हे. हा भेद राखलाच पाहिजे. परंतु शिखर दिसले म्हणजे मेजोराना सापडले, या घाईला लगाम घालण्याचे काम अधिक प्रामाणिक जालकांनी आधीच केले होते. जगातील क्वांटम संगणकाच्या एका मोठ्या स्वप्नाची परीक्षा जाळीतील काही बिंदूंवर झाली.

यावर दोन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला असा की प्रयोगकर्त्यांना झटपट चित्र हवे असते. एवढा काथ्याकूट करायला वेळ कोठे? झटपट चित्र अवश्य काढावे, पण त्याला निष्कर्ष म्हणू नये. शिवाय जाळीतील अंतर निम्मे करून गणना पुन्हा करून पाहण्यास बहुधा एक दुपार पुरते. दुसरा आक्षेप नवा आहे: आता कृत्रिम बुद्धिमत्ता आज्ञावली लिहून देते. देते, आणि ती चालतेही. पण वरची २० नॅनोमीटरची साखळीही कोणताही दोष न दाखवता चालली होती! आज्ञावली चालणे आणि प्रतिमान खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याला शिकवलेच नाही, त्याच्या हाती वेगवान साधन दिल्याने चुका तेवढ्या वेगाने होतील.

हे आपल्याला जमणार नाही असे समजण्याचे कारण नाही. सूक्ष्म उपकरणांतील विद्युत्‌वहन अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना समजेल अशा रीतीने जगाला शिकवणारे पर्ड्यू विद्यापीठाचे सुप्रियो दत्त हे आयआयटी खरगपूरचे पदवीधर. त्यांच्या मांडणीत जालक कधी परिशिष्टात ढकललेले नसते. युक्तिवाद तेथूनच सुरू होतो.

म्हणून मागण्या साध्या आहेत. क्वांटम मोहिमेच्या निधीतून होणाऱ्या प्रत्येक संगणकीय कामात जालकाची संपूर्ण आज्ञावली निबंधासोबत खुली असावी. जाळीतील अंतर बदलल्यावर निष्कर्ष टिकतो काय, हे दाखवणारी आकृती प्रबंधात सक्तीची असावी. स्वच्छ तारेची संवाहकता लँडाउअरच्या सूत्राप्रमाणे पूर्णांक पायऱ्यांनी चढते काय, म्हणजे एकच मार्ग खुला असताना रोध १२.९ किलोओहम येतो काय, ही परीक्षा प्रथम द्यावी. मगच नवे दावे करावेत. आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने निदान एक जालक कोऱ्या कागदापासून, स्वतःच्या हाताने मांडावे.

यासाठी नवा महासंगणक लागत नाही, परदेशी यंत्र लागत नाही, मंत्रिमंडळाची मंजुरीही लागत नाही. लागतो तो मौखिक परीक्षेत एक प्रश्न विचारणारा परीक्षक: ‘ही जाळी तुम्ही अशीच का मांडली?’ विद्यार्थीमित्रांनो, तो प्रश्न कोणी विचारला नाही, तरी त्याचे उत्तर तयार ठेवा.