चष्मा कुणाचा, हात कुणाचे?

यंत्र आले की बाईचे भले होते, हे आपल्याला दर पिढीत नव्याने सांगितले जाते. सध्याचे यंत्र म्हणजे डोळ्यांवर चढवायचा एक जाडजूड चष्मा. तो घातला की समोर नसलेला कारखाना खराखुरा दिसू लागतो. याला व्हर्च्युअल रिअॅलिटी, म्हणजे आभासी वास्तव, म्हणतात. त्यात वेल्डिंग शिका, हात भाजणार नाही. इंजिन जोडा, चुकलात तरी माल वाया जाणार नाही. आणि मग पुढचे वाक्य येते : आता अंगबळाचा प्रश्न उरला नाही, तेव्हा कारखान्यात स्त्री-पुरुष भेदही उरणार नाही.

हे वाक्य मला मान्य नाही. लालबाग-परळच्या चाळींतून काम करणाऱ्या कुणाही कार्यकर्तीला ते मान्य होऊ नये. कारण गिरणगावाने हे वाक्य शंभर वर्षांपूर्वी ऐकले आहे आणि त्याची किंमत बायकांनी मोजली आहे.

१९२०च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत दर पाच कामगारांमागे जवळजवळ एक बाई होती. वाइंडिंग आणि रिळिंग ही बायकांची खाती. तिथे नायकिणीच्या हाताखाली शेकडो जणी सूत गुंडाळत. मग रॅशनलायझेशन आले. कमी माणसांत जास्त यंत्रे चालवायची, दोन साच्यांऐवजी तीन साचे सांभाळायचे. याविरुद्ध १९२८ साली गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला आणि त्यात बायकाही होत्या. पुढे वेगाने चालणारी वाइंडिंग यंत्रे आली. ती चालवायला फार ताकद लागत नव्हती. तरीही ती मोठ्या प्रमाणावर पुरुषांच्या हाती गेली. का? कारण यंत्रात पैसा गुंतला की मालकाला ते रात्रीही चालवायचे असते, आणि बाईला रात्रपाळीला कायद्याने बंदी होती. १९२९च्या मुंबई प्रसूती लाभ कायद्याने बाळंतपणाचा भत्ता देणे भाग पडले, तेव्हा बाई 'महाग' झाली. शिवाय 'घर चालवतो तो पुरुष, बाईची कमाई वरखर्चाची' ही समजूत मालकांची होती तशीच कामगार पुढाऱ्यांचीही होती. १९८२चा संप झाला तोवर गिरण्यांत शेकड्यामागे बोटांवर मोजण्याइतक्याच बायका उरल्या होत्या. गिरण्या बंद पडण्याच्या कितीतरी आधी बाईची गिरणी बंद झाली होती.

तेव्हा बाईला यंत्राने काढले नाही. यंत्रावर कोण बसणार हे ठरवणाऱ्यांनी काढले. नव्या यंत्राबद्दल आपला पहिला प्रश्न हाच हवा : ठरवणार कोण?

आभासी वास्तवात काहीच चांगले नाही, असे मी म्हणत नाही. १९९०च्या सुमारास बोइंग या विमान कंपनीत तारांचे जुडगे जोडणाऱ्या कामगारांना डोळ्यांपुढच्या पडद्यावर आकृती दाखवण्याची कल्पना निघाली. मोटार कंपन्यांत गाडी प्रत्यक्ष बनण्याआधीच कामगाराला किती वाकावे लागेल, हात कुठवर पोचेल, हे आभासी कारखान्यात तपासले जाते. पाठीची आणि खांद्याची दुखणी यामुळे टळत असतील तर ती हवीतच. पण तपासताना कुणाचे शरीर गृहीत धरले? साडेपाच फुटांच्या पुरुषाच्या मापाने बसवलेली खुंटी पाच फुटांच्या बाईला रोज टाचा उंचावायला लावते. माप चुकले तर आभासी कारखाना ती चूक पक्की करतो आणि वर 'शास्त्रशुद्ध' असा शिक्काही मारतो.

चष्म्याचेही तेच. तो घातल्यावर बायकांना जास्त मळमळते, हा बायकांचा नाजूकपणा, असे बराच काळ मानले गेले. केय स्टॅनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दिसले की मुख्य दोष दोन भिंगांतल्या अंतराचा होता. अनेक बायकांच्या बाहुल्यांमधले अंतर त्या चष्म्याच्या किमान मापापेक्षाही कमी होते. चष्मा नीट बसला तेव्हा बायका-पुरुषांतला फरक मावळला. आमच्या गटातल्या एका मुलीला एका प्रशिक्षण केंद्रात असाच चष्मा दिला. अंबाड्यावर पट्टा बसेना, भिंगे नाकावर घसरत. दहा मिनिटांत तिला गरगरू लागले. 'मुलींना हे जमत नाही' असे म्हणून तिला पॅकिंगच्या वर्गात बसवले. चष्म्याचे माप कुणी पाहिले नाही. हिचे माप मात्र लगेच काढले गेले.

आता सर्वांत गंभीर मुद्दा, कसबाचा. अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने शंभर वर्षांपूर्वी कामगारांच्या बोटांना छोटे दिवे बांधून हातांच्या हालचाली छायाचित्रांत टिपल्या होत्या. आजचे चष्मे आणि हातमोजे तेच करतात, पण क्षणोक्षणी. बाई शिकत असते तेव्हा यंत्रही तिच्याकडून शिकत असते. नजर कुठे गेली, हात कुठे थबकला, किती सेकंद लागले, सगळे नोंदले जाऊ शकते. तामिळनाडूत करूर येथे माणसे कपाळाला कॅमेरा बांधून टॉवेलांच्या घड्या घालतात आणि त्या चित्रफितींवरून यंत्रमानवांना घडी घालायला शिकवले जाते, हे २०२५ साली बातम्यांतून पुढे आले. घडी घालणे! ज्या कामाला आपल्याकडे कुणी काम म्हटले नाही, कसब तर नाहीच नाही, ते यंत्राला शिकवायचे म्हटल्यावर अचानक मोलाचे झाले. मोल मात्र कंपनीच्या खात्यात जमा.

म्हणजे बाईकडे कसब नाही म्हणून मजुरी कमी, आणि तिचे कसब उतरवून घेतले की तिची गरजच नाही. दोन्हीकडून मार तिलाच.

यावर आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतात, 'यंत्राला विरोध म्हणजे मागासलेपणा. पुण्यात बघा, मुली मोटारी जोडताहेत.' जोडताहेत, आणि त्याचा मला आनंदच आहे. टाटा मोटर्सने पुण्याच्या कारखान्यात हॅरियर-सफारी गाड्यांच्या जोडणीवर बायकांची फौज उभी केली. पण त्यातून सिद्ध काय होते? बायकांना घ्यायचे ठरवले की घेता येते. अडचण अंगबळाची नव्हती, ठरवण्याची होती. महाराष्ट्रात २०१५च्या कायदा-दुरुस्तीने कारखान्यांतली रात्रपाळीही बायकांना अटींसह खुली झाली. आता प्रश्न आहे तो त्या अटी पाळल्या जातात का याचा : गाडी, सोबत, पाळणाघर आणि 'नाही' म्हणण्याचा हक्क.

आणि ज्या कुठल्याच कारखान्यात नाहीत त्यांचे काय? गिरण्या गेल्यावर आमच्या भागातल्या बायकांनी खानावळी चालवल्या, पापड लाटले, मसाले कुटले, साड्यांना फॉल लावले. खोलीतल्या त्या कारखान्याला ना चष्मा, ना हजेरीपट, ना फंड. तंत्रज्ञानाची चर्चा तिथवर येत नसेल तर ती अर्धीच आहे.

म्हणून संघटनांनी पुढील मागण्या लावून धराव्यात असे मला वाटते :

१. आभासी प्रशिक्षणाचा काळ हा कामाचा काळ मानून त्याची मजुरी मिळावी. वर्षानुवर्षे 'ट्रेनी' ठेवणे बंद व्हावे.

२. चष्मे, हातमोजे आणि कामाची जागा बायकांच्या मापाने तपासल्याशिवाय कुणा बाईला नापास करू नये.

३. हातांच्या आणि नजरेच्या नोंदी लेखी संमतीशिवाय घेऊ नयेत. त्यांवरून मजुरी कापू नये, आणि त्या वापरून यंत्र बनवले तर मोबदला द्यावा.

४. नवे यंत्र आणण्यापूर्वी युनियनशी वाटाघाटी व्हाव्यात, आणि त्या टेबलावर बायका असाव्यात.

चौथी मागणी आपल्या युनियनमधल्या भावांनाही उद्देशून आहे. १९२८च्या लढ्यात बायका रस्त्यावर होत्या, पुढे वाइंडिंग खात्यातून त्यांना काढले तेव्हा किती जण त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरले?

आपापल्या वस्तीत, कारखान्यात, आयटीआयमध्ये हा चष्मा आला आहे का, कुणाला दिला जातो, कुणाला नाही, याची माहिती गटांनी जमवायला सुरुवात करावी. यंत्र दारात येऊन उभे राहिल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधीच बोलणे बरे. गिरणीच्या वेळी आपल्याला कुणी विचारले नाही. या वेळी विचारण्याची वाट पाहू नये.