दाखल्यावाचून अडलेली पोर



गेल्या पौर्णिमेला वंदना आटोपून आम्ही चार-पाच जण विहाराच्या पायरीवर बसलो होतो. वस्तीतली एक मावशी नातीचा हात धरून आली. पोर नऊ वर्षांची. आईबापांनी मुकादमाकडून उचल घेतलेली, म्हणून ऊसतोडीला जाताना तिलाही सोबत नेले. हंगाम संपल्यावर आजीने तिला आपल्याजवळ ठेवून घेतले. जवळच्या शाळेत नाव घालायला गेली, तर उत्तर मिळाले, "आधीच्या शाळेचा दाखला आणा, मग बघू." दाखला दुसऱ्या जिल्ह्यात. तिकडे जायचे तर गाडीभाडे आणि दोन दिवसांची मजुरी बुडते.

"भाऊ, यात पोरीची चूक काय?" मावशीने विचारले.

चूक पोरीची नाही. आणि ही गोष्ट आपल्या देशाने साऱ्या जगापुढे कबूल केलेली आहे. ती कशी, ते आज पाहू.

२० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांचा करार मंजूर केला. त्यात ५४ कलमे आहेत. अठरा वर्षांखालील प्रत्येक जीव हा बालक, असे पहिले कलम सांगते. दुसरे कलम सांगते की जन्म, वंश, धर्म, गरिबी-श्रीमंती यांवरून कोणत्याही बालकाशी भेदभाव करायचा नाही. अठ्ठाविसावे कलम प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करा म्हणते, तर बत्तिसावे बालकाला राबवून घेण्यापासून वाचवा म्हणते. भारताने हा करार ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारला.

पण स्वीकारताना सरकारने बत्तिसाव्या कलमाबाबत एक निवेदन जोडले. तत्त्व पूर्ण मान्य आहे, पण प्रत्येक कामधंद्यासाठी किमान वय आजच्या आज ठरवणे व्यवहार्य नाही. ते आम्ही टप्प्याटप्प्याने करू, असा त्याचा आशय. वर्गणी कबूल करायची आणि "हप्त्याने देतो" म्हणायचे, त्यातला हा प्रकार!

खरे तर हे वचन आपल्या देशाला नवे नव्हते. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मोफत शिक्षणाच्या कलमावर चर्चा चालली होती. एका सभासदाचे म्हणणे, ही तरतूद प्राथमिक शिक्षणापुरतीच ठेवावी. त्यावर बाबासाहेबांनी सरळ उत्तर दिले. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला आपण दुसऱ्या कलमाने बंदी करतो आहोत. मग ते मूल कामावर जाणार नसेल, तर चौदा वर्षांपर्यंत ते शाळेतच असले पाहिजे. जगाच्या करारात कामापासून संरक्षण आणि शिक्षणाचा हक्क या दोन गोष्टी आहेत. त्यांची गाठ बाबासाहेबांनी एकेचाळीस वर्षे आधीच मारून ठेवली होती.

घटनेच्या ४५ व्या कलमाने त्यासाठी दहा वर्षांची मुदत दिली. म्हणजे १९६० पर्यंत देशातले चौदा वर्षांपर्यंतचे प्रत्येक मूल शाळेत दिसायला हवे होते. प्रत्यक्षात शिक्षण हा मूलभूत हक्क करणारी ८६ वी घटनादुरुस्ती झाली २००२ साली, कायदा झाला २००९ साली, आणि तो लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. मधल्या काळात किती पिढ्या वीटभट्टीवर आणि फडात गेल्या, याचा हिशेब कोण देणार?

देश आपला शब्द पाळतो की नाही, हे कोण पाहते? करारानुसार प्रत्येक देशाने दर पाच वर्षांनी अहवाल द्यायचा असतो. जिनिव्हा येथे तज्ज्ञांची एक समिती तो तपासते. भारताचे अहवाल २०००, २००४ आणि २०१४ साली तपासले गेले. जातीवरून होणारा भेदभाव आणि बालमजुरी यांबद्दल समितीने भारताला वारंवार विचारले. पण या समितीजवळ पोलीस नाहीत. ती विचारते, सुचवते; शिक्षा करू शकत नाही. तेव्हा जगापुढे दिलेला शब्द खरा ठरायचा असेल, तर त्याचा देशात कायदा व्हावा लागतो, आणि तो कायदा शाळेच्या दारापर्यंत पोचावा लागतो.

काही कायदे झाले, हे मान्य केले पाहिजे. २००५ च्या कायद्याने बालहक्क आयोगांची तरतूद झाली. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला बंदी झाली. १३ जून २०१७ रोजी भारताने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे १३८ आणि १८२ क्रमांकाचे, म्हणजे कामाचे किमान वय आणि बालमजुरीचे घातक प्रकार यांविषयीचे दोन्ही करार मान्य केले. पहिला हप्ता फेडायला पंचवीस वर्षे लागली!

मात्र २०१६ च्या त्याच दुरुस्तीत एक फट राहिली. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत मुलाने घरच्या धंद्यात मदत केली तर चालेल, फक्त तो धंदा घातक नसावा. वाचायला गोड वाटते. पण आपल्या समाजात घरचा धंदा म्हणजे काय, हे आपल्याशिवाय कोणाला ठाऊक? जातीने गळ्यात बांधलेला धंदा बापाकडून लेकाकडे जावा, हीच तर जुनी व्यवस्था. ती मोडायला बाबासाहेबांनी शिक्षणाचा मार्ग दाखवला. आणि दुसरी उणीव अशी : जगाचा करार अठरा वर्षांपर्यंत बालक मानतो, आपला शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांपुरताच आहे. नववीपासून खर्च वाढतो, आणि नेमका तिथेच हक्क संपतो.

आता मावशीच्या नातीकडे वळू. २००९ च्या कायद्याचे पाचवे कलम सांगते, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. चौथे कलम सांगते, शाळा बुडालेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्ग द्यायचा आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढायचा. चौदावे कलम सांगते, जन्माचा पुरावा नाही म्हणून परत पाठवता येत नाही. आणि पोटासाठी स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांना प्रवेश मिळतो की नाही हे पाहणे, हे नवव्या कलमाने स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरवले आहे.

आम्ही विहारातच अर्ज लिहिला, ही कलमे त्यात घातली. दुसऱ्या दिवशी तिघे जण आजीबरोबर शाळेत गेलो. भांडलो नाही. अर्ज दिला आणि पोच मागितली. पोच मागताच कागद पुन्हा वाचला गेला! पोर आज चौथीच्या वर्गात बसते. दाखला मागाहून येईल.

वाचकहो, आपल्या वस्तीत असे मूल असेल तर हेच करा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. शाळेने ऐकले नाही तर गावात पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे आणि शहरात महापालिकेच्या शिक्षण खात्याकडे लेखी तक्रार द्या. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा, असे बत्तिसावे कलम म्हणते. तिथेही न्याय मिळाला नाही तर राज्याच्या बालहक्क आयोगाकडे अपील करता येते.

एक गोष्ट आपल्याही वाट्याची आहे. मुलांना वाईटापासून दूर ठेवा, चांगल्याकडे वळवा, विद्या-कला शिकवा, असे तथागतांनी सिगालाला आईबापांचे कर्तव्य सांगितले. लेकीला धाकट्या भावंडांसाठी घरी ठेवणारे आपण असलो, तर सरकारला बोल लावायला तोंड उरत नाही. सरकारने शब्द दिला आहे. तो मागून घ्यायचा, आणि आपलाही पाळायचा.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!