सात वर्षांनंतरची सुरक्षितता

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर, लोणी ते माना या पट्ट्यात, ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून जागतिक विक्रम नोंदविण्यात आला आणि त्याचा गाजावाजाही यथास्थित झाला. रस्ता सुधारला याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. या रस्त्याने वऱ्हाडातील प्रवाशांची हाडे कैक वर्षे खिळखिळी केली होती. परंतु रस्ता गुळगुळीत झाला की वेग वाढतो, आणि वाढलेला वेग ज्या वाहनांना पेलायचा आहे त्यांची अवस्था काय आहे, हा प्रश्न विक्रमाच्या सोहळ्यात कोणी विचारला नाही. मूर्तिजापूर-बडनेऱ्याकडून येणाऱ्या गाड्यांत दहा-बारा वर्षे वयाच्या, पुण्या-मुंबईत एक-दोन हात फिरून आलेल्या सेडान गाड्याही असतात. शाळामास्तर, अडत्याकडील दिवाणजी, भाड्याने गाडी चालवून पोट भरणारा तरुण अशांच्या त्या गाड्या. नवी गाडी परवडत नाही म्हणून घेतलेल्या.

अशा गाडीत चालकासमोर एक लहानसा दिवा असतो. किल्ली फिरवली की तो काही सेकंद पेटतो व विझतो. एअरबॅगची यंत्रणा स्वतःला तपासून ठीक असल्याचे सांगते, एवढाच त्याचा अर्थ. तो पेटलेलाच राहिला तर यंत्रणेत दोष आहे आणि अपघाताच्या क्षणी पिशवी उघडेलच याचा भरवसा नाही. कारण कधी क्षुल्लक असते: आसनाखालचा जोड सैल होतो, बॅटरी उतरते, स्टिअरिंगखालची वाटोळी तारपट्टी तुटते. पण दुरुस्तीचा खर्च ऐकला की मालक मागे सरतो आणि दिवा महिनोन्‌महिने पेटता राहतो. त्याहून वाईट प्रकार म्हणजे दिवाच काढून टाकणे, किंवा पिशवीच्या जागी पाच-दहा रुपयांचा रेझिस्टर जोडून यंत्रणेला फसविणे. एकदा फुटलेली पिशवी न बदलता वरचे झाकण रंगवून गाडी विकली जाते, तेव्हा घेणारा बिचारा समजतो की आपली मुलेबाळे सुरक्षित आहेत. या लबाडीत गॅरेजवाल्याचा दोष आहेच. परंतु तपासणारे कोणी नसताना सगळा दोष गॅरेजवाल्याच्या माथी मारणे सोपे आहे, न्याय्य नाही.

दिवा पेटला तर निदान काही कळते. एक दोष असा आहे की ज्याची खबर दिवा देतच नाही. जपानच्या टाकाटा कंपनीने जगभरच्या मोटार कारखान्यांना पुरविलेल्या एअरबॅगमध्ये पिशवी फुगविण्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरले होते. दुसऱ्या द्रव्यांपेक्षा ते स्वस्त पडे. खताचे पोते पावसाळ्यात ओल धरते आणि त्याचे काय होते हे वऱ्हाडातील कास्तकाराला शिकवायला नको. या पदार्थाच्या वड्याही उष्णता, दमट हवा आणि तापमानाचे रोजचे चढउतार यांनी वर्षानुवर्षे खराब होत जातात. मग त्या ठरल्यापेक्षा वेगाने जळतात, धातूची डबी फुटते आणि जीव वाचविणाऱ्या पिशवीतून तिचे तुकडे चालकाच्या मानेत व छातीत घुसतात. २०१४ मध्ये मलेशियातील सारावाक प्रांतात होंडा सिटी गाडीतील एका गर्भवती स्त्रीचा असाच अंत झाला. जगभरात सुमारे दहा कोटी डब्या परत मागविण्याची पाळी आली.

कंपनीला हे ठाऊक नव्हते असे नाही. चाचण्यांचे आकडे वर्षानुवर्षे खोटे दाखविल्याची कबुली तिने २०१७ च्या प्रारंभी अमेरिकेत दिली. तडजोडीची रक्कम १०० कोटी डॉलर ठरली. तिची वाटणी पाहण्याजोगी आहे: ८५ कोटी मोटार कारखानदारांना, अडीच कोटी दंड, आणि जखमी व मृतांच्या कुटुंबांसाठी साडेबारा कोटी. ज्यांचा धंदा बुडाला त्यांना ज्यांची माणसे गेली त्यांच्या जवळजवळ सातपट! त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीने दिवाळे काढले.

हिंदुस्थानात होंडाने जानेवारी २०१७ मध्ये २०१२ साली बनलेल्या ४१,५८० आणि जानेवारी २०१८ मध्ये २०१३ साली बनलेल्या २२,८३४ गाड्या या दोषासाठी परत बोलाविल्या. दोन्ही वेळा त्यांत सिटी होती. भाग फुकट बदलून देण्याची तयारी कंपनीने दाखविली, हेही नमूद केले पाहिजे. पण हे सारे कंपनीच्या मर्जीने चालले होते. सरकारजवळ तोपर्यंत गाड्या परत बोलाविण्याचा अधिकारच नव्हता. तो २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने आला. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले, एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. आणि त्याच नियमांत एक मेख मारून ठेवली गेली: सात वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ते लागू नाहीत.

हिशेब सरळ आहे. २०१२ ची गाडी २०१९ मध्ये सात वर्षांची झाली, २०१३ ची २०२० मध्ये. या गाड्यांना सक्तीच्या कायद्याचे संरक्षण एक दिवसही मिळाले नाही. जो दोष मुळात वयानेच उद्भवतो, त्यावरील इलाजाला वयाची अट घालायची, हे शहाणपण कोणाच्या सोयीचे? अमेरिकेने सदोष भाग फुकट बदलून देण्याची मुदत २०१५ साली दहा वर्षांवरून पंधरा वर्षांवर नेली. आपल्याकडे खासगी मोटारीची पहिली नोंदणीच पंधरा वर्षांची असते; कर तेवढ्या काळाचा घ्यायचा आणि जबाबदारी निम्म्याहून कमी काळाची ठेवायची.

अकोल्याचा मे महिना ४५ अंश ओलांडतो, अंगणात उभ्या गाडीच्या आतले तापमान त्याहूनही चढते. मागोमाग पावसाळ्याची ओल आणि डिसेंबरच्या गार रात्री. वऱ्हाडची हवा मलेशियाइतकी दमट नाही, म्हणून येथे धोका तेवढाच आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु उष्ण व दमट राज्यांतील गाड्या आधी बदलण्याचा क्रम अमेरिकेच्या शासनाने ठरवून दिला. जिल्हावार हवामानाचा असा विचार येथेही व्हायला हवा होता. केंद्रीय वाहतूक खाते बरीच वर्षे विदर्भाच्याच माणसाकडे आहे. त्याला हा उन्हाळा समजावून सांगावा लागू नये. याच खात्याने सहा एअरबॅगच्या सक्तीचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये काढला, मुदत एक वर्षाने पुढे ढकलली आणि अखेर सक्तीच सोडून दिली. नव्या गाडीच्या बाबतीत ही तऱ्हा, तेव्हा जुनीची कथा काय?

न्यायालयाने मात्र मार्ग थोडा मोकळा केला आहे. क्रेटा गाडीतील पिशव्या अपघातात उघडल्या नाहीत, या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ह्युंदाईविरुद्धचा भरपाईचा निर्णय कायम केला. ग्राहकाने धडकेचा वेग व जोर यांचे गणित मांडावे अशी अपेक्षा ठेवता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. अमरावती व अकोला येथे जिल्हा ग्राहक आयोग आहेत. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार गेली पाहिजे.

सात वर्षांची अट रद्द करावी, ही मागणी तर आहेच. त्याखेरीज गाडी एका नावावरून दुसऱ्या नावावर चढविताना ती परत बोलाविलेल्यांपैकी आहे काय व भाग बदलला काय, याची नोंद परिवहन कार्यालयाने सक्तीने पाहावी. धुराचा दाखला नसेल तर दंड होतो. एअरबॅगचा दिवा मात्र कोणी पाहत नाही. पहिल्या मालकाला गेलेले कंपनीचे पत्र तिसऱ्या मालकाला मिळण्याची सोय आज कोठे आहे? ती होईपर्यंत कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील २०१२-१३ च्या व त्याआधीच्या गाड्यांच्या मालकांना गाठून, नोंदणी पुस्तकातील चासी नंबर घेऊन अधिकृत विक्रेत्याकडे चौकशी करावयास लावावे, आणि उत्तर लेखी मागावे. मे महिन्याच्या आत हे झाले तर बरे.