मामा पंच

परवा रात्री पुतण्याचा अमेरिकेतून फोन आला. "काका, मी पण पंच झालो!" मला वाटलं तिकडच्या मराठी मंडळानं क्रिकेटच्या स्पर्धा भरवल्या असतील. पण नाही. हा तिकडच्या शाळांच्या फुटबॉलमध्ये पंचगिरी करायला लागलाय. फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा नव्हे, तो लांबुळका चेंडू हातात घेऊन, हेल्मेट घालून धडका मारत खेळतात तो. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट, काळी टोपी आणि कमरेला खोचलेलं पिवळं फडकं. मुख्य पंचाची टोपी तेवढी पांढरी. चूक दिसली की शिट्टीच्या आधी ते फडकं हवेत भिरकवायचं.

मग काय, तासभर गप्पा. विषय एकच, शिव्या. त्याला इंग्रजीतून पडतात, मला मराठीतून पडल्या. अधूनमधून आमच्या वसईच्या सगळ्या बोलींतून!

त्यानं एक छान गोष्ट सांगितली. नव्या पंचाला पहिल्यांदा शिकवतात काय, तर चेंडूकडे बघू नकोस. मैदान पंचांमध्ये वाटलेलं असतं. चेंडूकडे सगळं गाव बघतंच आहे, तू तुझ्या वाट्याच्या दोन-तीन गड्यांचे हात बघ, कोण कोणाला धरून ठेवतोय ते बघ. मला हसूच आलं. पंच परीक्षेच्या वेळी माझ्या गुरुजींनी हेच सांगितलं होतं. "चढाई करणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नकोस रे, पाय बघ आणि रेषा बघ. तोंड सगळ्यांचं खोटं बोलतं."

ज्यांनी कबड्डी फक्त टीव्हीवर, म्हणजे 2014 नंतर प्रो कबड्डीत पाहिली, त्यांना आमच्याकडची पंचगिरी कळायची नाही. तिथे मॅट आहे, कॅमेरे आहेत, शंका आली की पुन्हा बघायची सोय आहे. कळंबला माती. पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटरचं, रेषा फक्कीच्या. संध्याकाळी सात वाजता रेषा कशा झगझगीत दिसतात! चार सामने झाले की निदान रेषा कुठे होती हे देवाला आणि पंचाला ठाऊक. त्यात समुद्रावरून वारा सुटला की उरलीसुरली फक्की सुरूच्या झाडांकडे. (ती झाडंही आता समुद्रानं निम्मीशिम्मी खाल्ली. असो.) बोनस रेषा तर निदान रेषेच्या पुढे मीटरभरच. पाय टेकला का, दुसरा उचललेला होता का, हे हॅलोजनच्या उजेडात, डोळ्यांत चिलटं जात असताना ठरवायचं. तेही एका क्षणात, कारण तुम्ही अडखळलात की दोनशे माणसं तुमच्या वतीनं ठरवून मोकळी होतात.

मानधन म्हणाल तर रिक्षाभाडं आणि रात्री अकराचा थंड वडापाव. तरी जातो माणूस. शिट्टीची एक नशा आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही.

पुतण्यानं फोनवर विचारलं, "काका, तुमच्या हातून कधी मोठी चूक झाली का?" मी म्हटलं, "झाल्या की ढीगभर," आणि विषय बदलला. फोन ठेवल्यावर झोप लागली नाही. म्हणून हे लिहितोय.

पालघर जिल्हा व्हायच्या आधीची गोष्ट, आपण ठाणे जिल्ह्यात होतो तेव्हाची. गावातलीच स्पर्धा, प्रकाशझोतातली. अंतिम सामना आमच्या गावाचा आणि शेजारच्या गावाचा. सरपंच बाहेरगावचे होते. (कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात, ग्रामपंचायतीशी संबंध नाही!) दोन्ही बाजूच्या रेषांवर एकेक पंच हवा, त्यातला एक आलाच नाही. आयोजक माझ्याकडे आले. मी म्हटलं, अरे, माझा सख्खा भाचा खेळतोय. ते म्हणाले, म्हणूनच तुम्ही. तुमच्यावर कोण संशय घेणार?

तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पण ते वाक्य ऐकायला किती गोड लागलं, काय सांगू!

शेवटची चढाई. आम्ही 24, ते 25. समोर चारच गडी, म्हणजे बोनस नाही, शिवून यायलाच हवं. चढाईला भाचा. एक गडी शिवला असता तर बरोबरी, मग पाच-पाच चढायांवर निकाल. भाचा डाव्या कोपऱ्यात शिरला, म्हणजे थेट माझ्या नाकासमोर. कोपऱ्यातला पोरगा मागे सरकला, भाच्याचा हात गेला आणि त्या पोराच्या चड्डीची कड हलली. कपड्याला लागलं तरी ते शिवणंच. भाचा मध्यरेषेवर परतला, एक बोट वर केलं. सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं.

मला दिसलं होतं. आता इतक्या वर्षांनी "नीट दिसलं नाही" असं म्हणायची सोय आहे, पण मला दिसलं होतं. त्या क्षणी डोक्यात रेषा नव्हती, पाय नव्हते, चड्डीची कड नव्हती. एकच वाक्य होतं: लोक म्हणतील, मामानं भाच्याला गुण दिला.

मी हात हलवला. रिकामी चढाई. सामना संपला.

आणि मग जे झालं ते जास्त वाईट. लोकांनी मला डोक्यावर घेतलं. शेजारच्या गावची मंडळी येऊन हात मिळवून गेली. बक्षीस समारंभात माइकवरून "पंच असावा तर असा, सख्ख्या भाच्याचीसुद्धा गय केली नाही" असं म्हणून मला शाल आणि नारळ दिला. ती शाल अजून कपाटात आहे. थंडी कितीही पडली तरी मी ती काढत नाही आणि बायकोला त्याचं कारण माहीत नाही. (आता कळेल.)

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. आपल्याकडे चांगल्या पंचाची परीक्षा एकच, त्यानं आपल्या माणसाच्या विरुद्ध निर्णय दिला का? दिला तर तो हरिश्चंद्र. निर्णय बरोबर होता का, हे कोणी विचारतच नाही. आपल्या माणसाला झुकतं माप देणारा पंच मी पाहिलाय, तो पकडला जातो, लोक त्याला मैदानातच ऐकवतात. पण नि:पक्षपाती दिसण्यासाठी आपल्या माणसाचं हक्काचं काढून घेणारा पंच? त्याला शाल मिळते. मी तर म्हणेन हा दुसरा जास्त घातक, कारण त्याला थांबवणारं कोणी नसतं. तोही स्वतःच्याच फायद्यासाठी खोटं बोलतो, फक्त त्याचा फायदा गुणांत मोजता येत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गावच्या सामन्याचं काय घेऊन बसलात? आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यातसुद्धा गोंधळ होतो. खरं आहे. 7 ऑक्टोबर 2023 ला हांगझोऊला भारत-इराण सामना 28-28 वर असताना एका चढाईवरून जवळजवळ तासभर अडला होता. चढाईपटू कोणाला न शिवता राखीव क्षेत्रात गेला, मागोमाग बचाव करणारेही गेले, मग बाद कोण कोण आणि कोणत्या नियमानं? पंचांचा निर्णय बदलत राहिला, खेळाडू मॅटवर बसून राहिले. शेवटी आपण 33-29 जिंकलो. मी टीव्हीसमोर होतो. घरातले सगळे पंचांना शिव्या देत होते आणि मला त्यांची कीव येत होती. पण तो घोळ नियमाचा होता. तिथे वाद घालता येतो, पुन्हा बघता येतं. माझ्या बाबतीत नियम स्वच्छ होता आणि दिसलंही स्वच्छ होतं. ते कोणत्या कॅमेऱ्यात बघणार?

पुतण्या सांगत होता, तिकडे याला शब्दच आहे, मेकअप कॉल. एका संघाविरुद्ध चुकीचा निर्णय गेला असं वाटलं की पुढचा एखादा त्यांच्या बाजूनं देऊन फिटंफाट करायची. जुने पंच नव्यांना बजावतात, हे करू नका, एका चुकीच्या दोन होतात. आणि त्याचा स्वतःचा मुलगा ज्या संघात आहे, त्या संघाच्या सामन्याला तो उभाच राहत नाही, आधीच कळवून टाकतो. मी विचारलं, "त्यात कमीपणा नाही वाटत?" तो म्हणाला, "कसला कमीपणा? डोकं शांत राहतं." तिशी-पस्तिशीतल्या पोराला जे कळलं ते मला तेव्हा पंचेचाळिशीत कळलं नव्हतं.

त्या सामन्यानंतर काही महिन्यांनी निर्मळच्या यात्रेत तो कोपऱ्यातला पोरगा भेटला. सुकेळीच्या दुकानापाशी. इकडचं तिकडचं बोलला, आणि जाताना हळूच म्हणाला, "काका, त्या दिवशी लागलं होतं. मला वाटलं तुम्ही देणार, मी निघालोच होतो." मी म्हटलं, "असेल, असेल." पूर्वी गावच्या कबड्डीत शिवलेला गडी स्वतःच हात वर करून बाहेर जायचा, म्हणून मी त्याला मनातल्या मनात दोष देऊन पाहिला. जमलं नाही. पंच "नाही" म्हणतोय म्हटल्यावर त्या पोरानं काय करायचं होतं?

भाचा त्या रात्री मला काहीच बोलला नाही. एका कंपनीच्या संघाचे कोणी तरी सामना बघायला आले होते असं नंतर कळलं. एका गुणानं नोकरी मिळाली असती असं मी म्हणत नाही, कबड्डीत तसं होत नाही. पण पाच-पाच चढायांत तो त्यांना आणखी दिसला असता, एवढं नक्की. त्यानंतर दोन हंगाम खेळला, मग सोडलं. आता नालासोपाऱ्याला त्याचं बरं चाललंय. त्याचा मुलगा शाळेच्या संघात आलाय म्हणे. यंदाच्या स्पर्धेला मला परत बोलावलंय. शाळेचे सामने सोडून बाकीचे घेईन असं मी कळवलंय. आयोजकांनी विचारलं, का हो? मी खरं कारण सांगितलं. फोनवर थोडा वेळ कोणी बोललंच नाही.

ताई, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. त्याला वाचून दाखवू नकोस. मी रविवारी दुपारी येतो, तो घरी असेल असं बघ.