‘देशी’ म्हणजे नेमके कुठले?

गुजरातने 2023 मध्ये कोनोकार्पसच्या लागवडीवर बंदी घातली. 2025 मध्ये तमिळनाडूनेही तोच मार्ग धरला. निर्णय स्वागतार्ह आहेत. मात्र त्यानंतर ‘देशी झाडे लावा’ ही घोषणा जणू सर्व प्रश्नांचे उत्तर म्हणून दिली जाऊ लागली आहे, आणि ती अपुरी आहे. पळस देशी आहे, बहावाही देशी आहे. परंतु उड्डाणपुलाखाली लावल्यास दोन्ही कुढतील, कारण दोघांनाही भरपूर ऊन लागते.

कोरडी सावली ही वनस्पतीची सर्वांत कठीण परीक्षा होय. कमी प्रकाश टिपण्यासाठी पान रुंद व पातळ असावे लागते. पाणी राखण्यासाठी ते लहान व जाड असलेले बरे. या दोन परस्परविरोधी मागण्या एकाच वेळी पुरवणाऱ्या जाती थोड्याच. शिवाय मोठ्या वृक्षाखाली हलकी सर पानांवरच अडते आणि मातीत उतरलेले पाणी वृक्षाची मुळे आधी शोषतात. पुलाखाली तर पाऊसच पोहोचत नाही.

यात मानवी डोळा दिशाभूल करतो. भर दुपारचे ऊन सुमारे 1,00,000 लक्स असते, तर उजळ वाटणाऱ्या कार्यालयात जेमतेम 500. हा दोनशेपट फरक डोळा सहज सामावून घेतो. पानाला ते शक्य नाही. प्रकाशसंश्लेषणातून मिळणारे अन्न श्वसनात खर्च होणाऱ्या अन्नाहून कमी पडले, की रोप साठ्यावर जगते आणि मग मरते. त्या मरणाचे खापर माळ्यावर फुटते. वस्तुतः चूक जागेचा प्रकाश न मोजताच रोपांची यादी करणाऱ्यांची असते.

निवडीचा धडा जवळच उपलब्ध असतो. दिल्लीचेच पाहा. तेथील रिज हे अरवलीचे उत्तर टोक. त्याचा बराच भाग विलायती कीकराने व्यापला असला, तरी मूळ अरवली वनाच्या खालच्या थरात अडुळसा, कंथार, जांभळी कोरांटी अशी झुडपे वाढतात. वर्षातील बहुतेक पाऊस तीन महिन्यांत पडून गेला, तरी ती तग धरतात. अडुळशाला गुरेही सहसा तोंड लावत नाहीत. वृक्षाखालच्या विरळ सावलीसाठी चित्रकही उत्तम. हीच यादी बेंगळुरूला किंवा गुवाहाटीला जशीच्या तशी लागू करणे मात्र चुकीचे ठरेल. तेथे त्या त्या पावसाच्या, त्या त्या मातीच्या जवळच्या वनाचा तळ पाहावा लागेल.

‘अशी रोपे रोपवाटिकांत मिळत नाहीत’ हा आक्षेप नेहमीचा आहे. तो खरा असला, तरी रोपवाटिका मागणी असेल तेच वाढवतात. सर्वांत मोठे ग्राहक असलेल्या महापालिकांनी दोन वर्षे आधी मागणी नोंदवली, तर अडुळसा छाटकलमांपासून सहज तयार होतो. निविदेत रोपांच्या संख्येबरोबर तिसऱ्या वर्षी जिवंत असलेल्या रोपांचे प्रमाणही बंधनकारक हवे. लागवड पावसाच्या आरंभी व्हावी, पहिली दोन वर्षे पाणी द्यावे आणि वृक्षाखालचा पालापाचोळा झाडून नेऊ नये. तोच ओल धरतो.

रुंद पुलाच्या मध्यभागी, जेथे प्रकाश आणि पाऊस दोन्ही नाहीत, तेथे काहीच लावू नये. तेथे खडी अंथरावी, बाके ठेवावीत. ज्या देशात उन्हाळ्यात वस्त्या टँकरची वाट पाहतात, तेथे मरणार हे ठाऊक असलेल्या रोपांना टँकरने पाणी घालणे याला पर्यावरणप्रेम म्हणता येत नाही.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी वृक्षारोपणाच्या पुढील कार्यक्रमात फावड्याआधी प्रकाशमापक मागावा. भ्रमणध्वनीतील साधा मापकही आरंभाला पुरेसा आहे. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीन मोजमापे घ्यावीत आणि मगच विचारावे: हे रोप देशी आहे, पण या जागेचे आहे का?