घोळ ओळखताना
मोहोपाड्याच्या बाजारात घोळीची जुडी दिसली की मी हमखास घेतो. बांधावरची रानघोळ जमिनीला चिकटून पसरते, दांडे तांबूस, पानं बारीक. भाजीसाठी पेरलेली उभी वाढते, पानं रुंद आणि मांसल. चवीला मला रानातलीच सरस वाटते. फुलं दोघींचीही पिवळी, आणि बोंडाचं टोपण निघालं की आत बारीक काळं बी. पाण्याचा ताण पडला की घोळ रात्री पानांत आम्ल साठवते, म्हणून उन्हाळ्यात पहाटे खुडलेली जास्त आंबट लागते. स्वतः खुडणार असाल तर आधी दांडा मोडून पाहाच: पांढरा चीक आला तर ते नायटीसारखं दुसरंच तण, ते खायचं नाही. घोळीतून नुसतं पाणी निघतं.